गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी बुलेट: प्लग आणि इग्निशनची सुरक्षित तपासणी

सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होणारी आणि गावातल्या गावात बिनतक्रार चालणारी जुनी कास्ट आयर्न बुलेट लांबच्या रस्त्याला लागली की वीस-पंचवीस मिनिटांनी, विशेषतः घाट चढताना, अडखळू लागते, सायलेन्सरमधून एखादा फटका येतो आणि इंजिन बंद पडते. मग कितीही किका मारा, ती दाद देत नाही. सावलीत अर्धा तास उभी केली की मात्र काही झालेच नव्हते अशी सुरू होते आणि तेवढाच वेळ चालून पुन्हा बंद पडते. पॉइंट (प्रवाह जोडणारी-तोडणारी धातूची टोके) आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना प्रवाह सामावून घेणारा छोटा डबा) असलेल्या, म्हणजे बॅटरीची वीज कॉइलमधून (तारेच्या गुंडाळीतून) हजारो व्होल्टची करून ठिणगी पाडणाऱ्या बॅटरी-कॉइल इग्निशनच्या जुन्या गाड्यांमध्ये हा त्रास वारंवार दिसतो. येझदीवाल्यांनाही तो चांगलाच परिचित आहे.

माझ्या ३५० सीसी बुलेटने हा त्रास जवळजवळ वर्षभर दिला. त्या काळात तीन प्लग बदलले, दोनदा कार्ब्युरेटर उघडून साफ केला, आणि प्रत्येक वेळी गाडी दुरुस्त झाली असे वाटले. मेस्त्रींचाही यात दोष नव्हता, कारण प्लग काढून नवा बसवेपर्यंत वीस मिनिटे गेलेली असत, तेवढ्यात इंजिन निवलेले असे आणि श्रेय नव्या प्लगला मिळे. जो बिघाड फक्त गरम अवस्थेत दिसतो तो थंड इंजिनावर शोधता येत नाही. तो रस्त्याच्या कडेला, गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतच शोधावा लागतो. आणि नेमकी हीच वेळ सर्वांत धोक्याची असते, कारण इंजिन तापलेले असते, कार्ब्युरेटरमधून पेट्रोलची वाफ निघत असते आणि आपण मुद्दाम ठिणगी पाडून पाहणार असतो. म्हणून तपासणी कशी करावी याइतकेच ती कोणत्या क्रमाने करावी यालाही महत्त्व आहे.

सर्वप्रथम टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले असेल तर पेट्रोल खाली उतरत जाते तशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते, कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळेनासे होते आणि गाडी अगदी याच पद्धतीने, वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडते. झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर इग्निशनला हात लावण्याची गरज नाही. छिद्र साफ केले की काम झाले. असे काही घडले नाही तर झाकण घट्ट लावावे, पेट्रोल कॉक बंद करावा आणि मगच पुढे जावे.

आता प्लगकडे वळू. आपल्याकडे प्लगचा करंट पाहण्याची रूढ पद्धत म्हणजे प्लग काढायचा, टोपीत (जाड वायरच्या टोकाच्या झाकणात) बसवायचा, हाताने इंजिनाच्या फिनवर (थंडाव्यासाठी असलेल्या पात्यांवर) टेकवायचा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगायची. या पद्धतीत तीन दोष आहेत. पहिला असा की प्लगचे भोक उघडे राहते आणि प्रत्येक किकबरोबर सिलिंडरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण त्यातून बाहेर फेकले जाते. ठिणगी तिथून वीतभर अंतरावरच पडत असते. अशा वेळी भडका उडून हाताचे केस जळाल्याचे अनेकांनी पाहिले असेल, आणि कार्ब्युरेटर ओला असेल तर प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. दुसरा दोष असा की प्लग फिनवर नीट टेकला नाही तर हजारो व्होल्टचा तो दाब हातातून वाट शोधतो. बॅटरी-कॉइलचा झटका सहसा जीवघेणा नसतो, पण तो बसताच हात झटक्याने मागे येतो आणि तापलेल्या सायलेन्सरवर किंवा उलट्या येणाऱ्या किकवर आदळतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी तर चालू इग्निशनच्या जवळही थांबू नये. तिसरा दोष कमी लोकांच्या लक्षात येतो: अॅल्युमिनियमच्या तापलेल्या हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या झाकणातून) प्लग काढताना आटे सोबत निघून येण्याची भीती असते.

या तिन्हींवर उपाय एकच, आणि तो अगदी स्वस्त आहे. टूलबॉक्समध्ये एक जास्तीचा, चालू स्थितीतला प्लग आणि दोन्ही टोकांना मगरी चिमटे लावलेली हातभर लांबीची जाड वायर ठेवावी. गाडी बंद पडली की इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्यावा, फक्त त्याची टोपी ओढून काढावी आणि ती जास्तीच्या प्लगवर बसवावी. वायरचा एक चिमटा या प्लगच्या लोखंडी अंगाला आणि दुसरा हेडच्या एखाद्या उघड्या, रंग न लागलेल्या बोल्टला लावावा, आणि प्लग कार्ब्युरेटरपासून जितका दूर जाईल तितका दूर, फिनांच्या मध्ये असा ठेवावा की तो कोणी धरावा लागणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी, इग्निशन चालू करावे आणि किक मारावी. सिलिंडरचे भोक बंद असल्यामुळे वाफ बाहेर येत नाही, सिलिंडरच्या आत ठिणगी पडत नसल्यामुळे किक उलटी येत नाही, आणि हात कुठेच गुंतलेला नसतो. पेट्रोल सांडलेले दिसत असेल किंवा नुसता वास जरी जोरात येत असेल, तरी आधी ते पुसून दहा मिनिटे वाऱ्यावर जाऊ द्यावे. बंद पार्किंगमध्ये किंवा तळघरात ही तपासणी करूच नये.

ठिणगी कशी दिसते हे बारकाईने पाहावे. निळसर पांढरी आणि टक्-टक् असा स्पष्ट आवाज करणारी ठिणगी सशक्त समजावी. पिवळसर-तांबडी, दोऱ्यासारखी बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी अशक्त. मात्र उघड्यावर ठिणगी पडली एवढ्यावरून इग्निशन निर्दोष ठरत नाही. साध्या हवेत ठिणगीला एक मिलिमीटर अंतर ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, आणि प्लगची गॅप तर जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेले की तेवढीच गॅप ओलांडायला कित्येक पट व्होल्ट लागतात. म्हणूनच हातात दिसणारा करंट आत गेल्यावर नाहीसा होतो. खरी परीक्षा घ्यायची असेल तर एका जुन्या प्लगचा बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड कानशीने पूर्ण कापून टाकावा, म्हणजे ठिणगीला मधल्या टोकापासून कडेपर्यंत दोन-तीन मिलिमीटरची उडी मारावी लागते. थंड असताना ही उडी मारणारी आणि गरम झाल्यावर न मारणारी ठिणगी दिसली की शोध योग्य दिशेने चालला आहे असे समजावे.

बुलेटवाल्यांच्या हाताशी आणखी एक उत्तम साधन असते आणि ते म्हणजे हेडलाइटच्या डोक्यावर बसवलेले अँमीटर. त्याचा उपयोग आपण किक मारण्याची योग्य जागा शोधण्यापुरता करतो, पण इग्निशनच्या प्राथमिक बाजूची (बॅटरी ते पॉइंट या कमी व्होल्टच्या बाजूची) निम्मी कथा तो काटाच सांगतो. इग्निशन चालू करून डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक हळूहळू खाली न्यावी. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून तीन-चार अँपिअर प्रवाह जातो आणि काटा वजा बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. काटा मुळीच हलत नसेल तर प्रवाह कॉइलपर्यंत किंवा कॉइलमधून पॉइंटपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे फ्यूज, किल्ली, वायर, कॉइल किंवा घाण झालेले पॉइंट यांपैकी काहीतरी आहे. काटा वजा बाजूलाच चिकटून राहात असेल तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा पॉइंटकडे जाणारी वायर कुठेतरी गाडीच्या अंगाला लागली आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. आणि काटा व्यवस्थित झुलत असूनही ठिणगी अशक्त असेल तर संशय कंडेन्सर, कॉइल किंवा प्लगची टोपी यांच्यावर येतो. एक काळजी मात्र घ्यावी: पॉइंट मिटलेल्या स्थितीत इग्निशन चालू ठेवून गप्पा मारत बसू नये, कारण त्या अवस्थेत कॉइल सतत तापत राहते आणि चांगली कॉइलही जळू शकते.

घरी आल्यावर मल्टिमीटर घेऊन बसावे. बॅटरीशी काम करण्यापूर्वी अंगठी आणि धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे. पान्ह्याने बॅटरीची दोन्ही टोके जोडली गेली तर अंगठी क्षणात लाल होते. बॅटरी सोडवताना जी वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली आहे ती आधी काढावी. भारतीय बुलेटमध्ये ती बहुधा वजा असते, पण ब्रिटिश बनावटीच्या जुन्या गाड्यांत अधिक बाजू सांगाड्याला जोडलेली असे, त्यामुळे गृहीत धरू नये, पाहून घ्यावे. वायरची टोके घासून ठिणगी पाडून बॅटरी चार्ज आहे का हे पाहण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो अशा ठिणगीने पेट घेऊ शकतो आणि ॲसिड डोळ्यांत जाते. इंडिकेटरचा एक बल्ब, होल्डर आणि दोन वायरी यांपासून केलेला टेस्ट लॅम्प ते काम कितीतरी चांगले आणि निर्धोकपणे करतो. त्याचप्रमाणे फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. सिगारेटची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी सगळी वायरिंग जळते.

बारा व्होल्टची चांगली बॅटरी विश्रांतीनंतर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन मध्यम वेगाने चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. सहा व्होल्टच्या गाडीला हेच आकडे निम्मे धरावेत. मात्र बॅटरीवरचा आकडा पुरेसा नाही. पॉइंट मिटलेले आणि इग्निशन चालू, अशा स्थितीत कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाशी किती व्होल्ट पोहोचतात ते पाहावे. बॅटरीवर १२.४ आणि कॉइलवर १०.९ दिसले तर दीड व्होल्ट वाटेत हरवतात. ते किल्लीच्या स्विचमध्ये, हँडलवरच्या बंद करण्याच्या बटणात किंवा एखाद्या हिरव्या पडलेल्या जोडात असतात, आणि कोकणासारख्या खाऱ्या हवेत असे जोड फार लवकर हिरवे पडतात. नंतर मीटरचे एक टोक पॉइंटच्या हलत्या हाताच्या स्क्रूवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावे. पॉइंट मिटलेले असताना इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर पॉइंट घाण आहेत. शेवटी इंजिनाचा धातू आणि बॅटरीचे सांगाड्याकडचे टोक यांच्यामध्येही तेच माप घ्यावे. नुकतीच नव्याने रंगवून आणलेली गाडी असेल तर हे माप चुकवूच नये. पावडर कोटिंगच्या जाड थरामुळे इंजिनाचे बोल्ट आणि सांगाडा यांच्यातला धातूचा संपर्क तुटतो आणि दिसायला देखणी झालेली गाडी अर्थिंगवाचून अडखळते. बोल्टखालचा रंग खरवडून इंजिनापासून थेट बॅटरीपर्यंत एक वेगळी अर्थची वायर टाकणे हा त्यावरचा पक्का उपाय आहे.

माझ्या गाडीत हे सगळे आकडे ठीक निघाले, म्हणून मी सिलिंडरच्या मागे असलेल्या डिस्ट्रिब्यूटरचे (पॉइंट बसवलेल्या डब्याचे) झाकण उघडले. पॉइंटची दोन टोके भिंगाखाली पाहिली तेव्हा एकाच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा आणि समोरच्या टोकावर त्याच मापाचा टोकदार उंचवटा होता. कडा निळसर काळ्या पडल्या होत्या. एका टोकाचा धातू उडून दुसऱ्यावर बसला होता. कंडेन्सर आपले काम करत नसल्याची ही खूण आहे. पॉइंट उघडताना कॉइलमधला प्रवाह थांबायला तयार नसतो. कंडेन्सर नसेल तर तो उघडणाऱ्या फटीतूनच ठिणगी होऊन उडी मारतो. कंडेन्सर तो प्रवाह क्षणभर स्वतःत सामावून घेतो, त्यामुळे तो एकदम तुटतो, आणि तो जितका एकदम तुटेल तितका कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे प्लगकडच्या बाजूचा व्होल्टेज उंच जातो. कंडेन्सर गळू लागला, म्हणजे त्यातून प्रवाह झिरपू लागला, की पॉइंटवर जाळ दिसतो आणि प्लगवरची ठिणगी मरते.

अंधाऱ्या जागी, किक न मारताही हे पाहता येते. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू करावे आणि बांबूच्या काडीने पॉइंट अलगद उघडावे. प्रत्येक उघडण्याबरोबर बाहेर ठेवलेल्या प्लगवर ठिणगी पडली पाहिजे आणि पॉइंटवर फक्त बारीकसा ठिपका चमकला पाहिजे. इथे स्क्रूड्रायव्हर वापरू नये. बारा व्होल्टच्या बाजूला काय झटका बसणार असे वाटते, पण पॉइंट उघडण्याच्या क्षणी पॉइंटच्या हलत्या हातावर दोनशे-तीनशे व्होल्ट येतात.

कंडेन्सर काढताना आधी त्याची वायर आणि अंग स्क्रूड्रायव्हरने जोडून साठलेला भार उतरवून घ्यावा. कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर चांगला कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅराडच्या आसपास दाखवतो. माझा थंड असताना ०.२१ दाखवत होता, आणि एवढ्यावरच मी फसलो असतो. हेअर ड्रायरने चार-पाच मिनिटे तापवल्यावर त्याच कंडेन्सरमधून काही किलोओहमचा रस्ता दिसू लागला, आणि निवल्यावर तो रस्ता पुन्हा नाहीसा झाला. लायटर किंवा शेगडीवर तापवू नये. त्यात चांगला कंडेन्सरही मरतो आणि आपल्याला खोटे उत्तर मिळते. मीटर काही व्होल्टवरच तपासतो, खरा ताण मात्र शेकडो व्होल्टचा असतो, त्यामुळे मीटरने निर्दोष ठरवलेला कंडेन्सरही गाडीवर गळू शकतो. शंका राहिली तर खात्रीचा दुसरा कंडेन्सर लावून पाहणे हाच निवाडा. तो जुन्याच्या जोडीला लावून चालत नाही. जुना शॉर्ट असेल तर तो शॉर्टच राहतो, म्हणून त्याची वायर आधी सोडवावी.

कंडेन्सर बदलूनही गरम अवस्थेत ठिणगी मरत असेल तर कॉइलकडे वळावे. बारा व्होल्टच्या कॉइलची प्राथमिक बाजू तीन-चार ओहम आणि दुय्यम बाजू काही हजार ओहम दाखवते. तापल्यावर हे आकडे थोडे वाढतात आणि ते नैसर्गिक आहे, कारण तांब्याचा रेझिस्टन्स पन्नास अंशांनी तापमान वाढले की सुमारे पाचवा हिस्सा वाढतो. तापल्यावर आकडा एकदम अनंत झाला तर मात्र आतली तार तुटलेली आहे. टोपीमध्ये बहुधा पाच किलोओहमचा रेझिस्टर असतो. तो फार जास्त दाखवत असेल तर टोपी बदलावी. रात्री अंधारात गाडी चालू करून, हात न लावता, टोपी आणि जाड वायर नुसती पाहिली तरी पुष्कळ कळते: चिरेतून करंट गळत असेल तर तिथे निळसर लव सरकताना दिसते, आणि पावसाळ्यात तर ती हमखास दिसते.

यामाहा आरएक्स १०० सारख्या सीडीआयच्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डब्याने ठिणगी पाडणाऱ्या) गाड्यांना वरीलपैकी बरेच काही लागू होत नाही. त्यांत पॉइंट नाहीत, ठिणगीची वीज मॅग्नेटोतून (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या वीजनिर्मितीतून) येते, आणि तिचा झटका बॅटरी-कॉइलपेक्षा कितीतरी जोरदार असतो. अशा गाडीत प्लग इंजिनाच्या अंगाला न जोडता किक मारू नये, आणि चालू इंजिनाची टोपी ओढून काढू नये, कारण वाट न मिळालेली ती वीज सीडीआयचा डबा जाळू शकते. कापलेल्या इलेक्ट्रोडचा प्लगही या गाड्यांवर वापरू नये. नेहमीच्या गॅपचा, चिमट्याने पक्का जोडलेला प्लगच वापरावा.

बुलेटमध्ये नवा कंडेन्सर मी डिस्ट्रिब्यूटरमध्ये परत बसवला नाही. सिलिंडरच्या मागची ती जागा भट्टीसारखी तापते, म्हणून तो कॉइलच्या शेजारी, वाऱ्यावर बसवला. त्याचे अंग रंग खरवडलेल्या बोल्टला आवळले आणि वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला जोडली. पॉइंट नवे घातले, गॅप फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवली, आणि गॅप बदलली की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकते म्हणून तेही पुन्हा लावले: ॲडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे आला की पॉइंट उघडले पाहिजेत. कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याला) घासणाऱ्या नमद्यावर तेलाचा एकच थेंब टाकला. जास्त टाकले तर ते पॉइंटवर उडते आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून सुरू होतो. प्लग साफ करताना तारेचा ब्रश वापरला नाही, कारण त्याचे धातूचे कण चिनी मातीवर चिकटून करंटला आडवाट करून देतात.

त्यानंतर त्याच घाटात, दुपारच्या उन्हात, न थांबता पाऊण तास गाडी चढवली. पाचशे किलोमीटर झाल्यावर झाकण उघडून पॉइंट भिंगाखाली पाहिले तेव्हा दोन्ही टोके सपाट होती आणि त्यांवर एकसारखी राखी झाक होती.